पेन्शनीबाहेरचं कारण

मुरुड, ९ एप्रिल १९८३

सिद्धलिंग मास्तरांस शरणार्थ.

छातीचं दुखणं वाढलंय. मी गेलो की माझी पेन्शन माझ्यासंगं जाणार. तुमची बहीण उमा माझी बायको असती, तर तिला थोडीफार लागली असती. पण पंचांपुढं काडीमोड झाल्याचं मीच पलटणीत कळवलं होतं. चूक तिची नव्हती. माझी रजा कमी न् राग लई. पुन्हा लग्न केलं तर तिच्या म्हातारपणाची सोय होईल. विचारून कळवा.

हिकडं आड आटलाय. टँकर येतो त्या दिवशीच माणसाचा आवाज कानी पडतो.

आपला, मलप्पा

नांदेड, १८ एप्रिल

माजी दाजी हवालदारसाहेब यांसी स. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि कुशल विचारण्याआधी मरण! संस्कृत नाटकातसुद्धा आधी नांदी असते. उमा माझ्या घरी राहते, पण शिवणकाम करून स्वतःचं खाते. दिवेलागणीला मशीन थांबवते आणि तशीच बसून राहते. सवड बघून विचारतो. तोवर जपा; उत्तर ऐकायला माणूस लागतो.

तुमचा सिद्धलिंग

मुरुड, २ मे

मास्तर, शरणार्थ.

लातूर आता जिल्हा झालाय, म्हणून तिथंच कचेरीत विचारून आलो. रिटायर झाल्यावर केलेलं लग्न पेन्शनीला धरत न्हाईत, असं बाबू म्हणाला. म्हणजे लग्नाला कारण उरलं न्हाई. उमाला विचारलं नसेल तर ऱ्हाऊ द्या.

मलप्पा

नांदेड, ११ मे

दाजी, स. न. वि. वि.

तुमचं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच विचारून बसलो. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, त्यांना विचारायला इतकी वर्षं लागली होय? दुसऱ्या सकाळी तिने शिवायला आलेली कापडं ज्याची त्याला परत केली आणि मशीनला तेल देऊन पोत्यात गुंडाळलं. मुरुडला पाणी नाही म्हटलं, तर म्हणाली, रांगेत उभं राहायची मला सवय आहे.

कारण उरलं नाही, असं तुम्ही लिहिता. पण पेन्शनीचं कारण मी तिला सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय, एवढंच सांगितलं होतं.

तुमचं पत्र माझ्या खिशात आहे. ते तिला वाचून दाखवण्याइतकी विद्या माझ्यापाशी नाही. सरकारी कारण संपलं. घरचं एखादं असेल तर एसटीत बसा. नसेल, तरीही बसा आणि तिच्यासमोर सांगा. मशीन बंद आहे, घर खायला उठतं.

वर 'माजी' लिहिलेलं नाही, पाहिलंत ना? पुन्हा लिहायला लावू नका, एवढाच लोभ असावा.

सिद्धलिंग