उजव्या कडेला अडलेली क्रेन

गुरुवार, संध्याकाळ

जमलं. चार दिवस स्क्रीनच्या उजव्या कडेनं मला छळलं, आज ती कडच उरली न्हाई.

एमआयडीसीतल्या नव्या क्रेनचालकांना शिकवायचा प्रोग्राम मी बनवून राह्यले. माऊस सरकवला की केबिनमधून चौफेर दिसायला पाहिजे. पण फुलस्क्रीन केलं की माऊसचा बाण उजव्या कडेला टेकायचा आणि नजर तिथंच अडायची. मागं बघताच येईना. उद्या कारखान्यात दाखवायचंय, आणि मी नुसता माऊसचा वेग कमीजास्त करत बसलेली.

दुपारी बाबांना बसवलं. जन्मभर क्रेन चालवलेला माणूस. बाण कडेला अडल्यावर त्यांनी माऊस उचलला, टेबलाच्या मध्ये ठेवला आणि परत उजवीकडं ढकलला. काहीच न्हाई. म्हणाले, "हात तर बराबर हालला माझा. मंग हे का हालंना?"

लाज वाटली. मी बाण कुठं आहे तेवढंच वाचत होते. हात किती हालला, हे कधी विचारलंच न्हाई. मंग बाण लपवला, स्क्रीनच्या मध्येच बांधून ठेवला आणि फक्त माऊस किती सरकला ते वाचलं. एस्केप दाबलं की बाण सुटतो, तेही केलं. एवढंच होतं का? एवढंच होतं.

आत्ता बाबांनी पूर्ण गिरकी घेतली. उजवी कड आलीच न्हाई. मागं कोणी उभं न्हाई हे त्यांनी बघितलं, आणि भार उचलायच्या आधी टेबलाखाली त्यांचा डावा पाय फरशीवर दोनदा दाबला गेला.

खऱ्या क्रेनमध्ये इशाऱ्याच्या घंटेचं पेडल तिथंच असतं.