फुइमाओनोच्या नाकावर टिच्चून टाकी

६ मे
माझ्या डुकरांनो, आज भर ग्रामसभेत तुमची आणि माझी एकत्रच नाचक्की झाली! शेजारचा फुइमाओनो म्हणाला, तुझ्या डुकरखान्याच्या पाण्यानं खाडी हिरवी पडली, मासे पळाले. मी गावाचा वक्ता. मी वक्त्याची मानाची काठी टेकली की चर्चचा पाळकसुद्धा खोकत नाही, आणि हा बोलतो! त्याचीही डुकरं आहेत. ती बहुधा अत्तर मुततात.
निकाल: दोघांनीही सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधायच्या. महिला समितीच्या पाहणीत ज्याचं पाणी नापास, त्याची डुकरं डोंगरावर.
सूड घेणार. शास्त्रीय सूड.

१४ मे
टाकी तयार. राजधानीहून, आपियाहून, सरकारी बाई आली, काळा गाळ ओतून गेली. त्यात म्हणे जंतू असतात. पंपानं हवा दिली की ते अमोनियाचं नायट्रेट करतात. पंप बंद केला की दुसरे जंतू त्याचा नायट्रोजन करून आभाळात सोडतात. म्हणजे हे दुसरे काम थांबल्यावरच जागे होणार. ओळखतो मी असल्यांना. सभेत भरलेत.

१५ मे
निश्चय: पंप अहोरात्र. फुइमाओनोचा थांबतो तेव्हा माझा त्याच्या घराकडे तोंड करून घरघरतो. झोप म्हणावं आता!

२४ मे
वास गेला! विजयाचं भाषण लिहायला घेतलं. बायको, लूपे, म्हणाली, "अहो वक्ते, खाडी अजून हिरवीच आहे." बायकांना दूरदृष्टी नसते.
दुपारी सरकारी बाई फोनवर ओरडली: पंप थांबलाच नाही तर नायट्रेट तसंच खाडीत जातं! अधूनमधून पंप बंद ठेवीन. तिच्या समाधानासाठी.

५ जून
टाकीत बुडबुडे. नायट्रोजन चालला. खाडी निवळतेय. सगळं माझ्या शिस्तीमुळे. भाषणात फुइमाओनोच्या आजोबांनाही घेतलं.

९ जून
उद्या पाहणी. समितीच्या बायका चमचासुद्धा उलटून बघतात. त्यांना काय काळा चिखल दाखवू? चर्च घासून उरलेलं सगळं ब्लीच टाकीत ओतलं. लूपे म्हणाली, "जंतू मरतील हो!" ब्लीच आणखी कशासाठी असतं?

१० जून
समिती म्हणाली, एवढी स्वच्छ टाकी गावात नाही. मग बाहेर पडणारं पाणी तपासलं. अमोनिया जसाच्या तसा. फुइमाओनो पास. मला शनिवारपर्यंत मुदत, नाहीतर डोंगर.
बाईला फोन केला. जंतू नव्यानं वाढायला महिना लागेल म्हणाली. घाई असेल तर टाकी धुऊन चालू टाकीतला गाळ आणा. गावात चालू टाकी एकच.

११ जून, पहाटे
मसुदे फाडले. लूपेनं रिकामं पिंप दारात आणून ठेवलंय, हसत. आजवरचं सर्वांत छोटं भाषण पाठ करून निघालोय:
फुइमाओनो, भावा, पिंपभर गाळ दे.