बारा एकसारखे डेलिया

२ जून, सकाळी ७
कपाची तयारी सुरू. पुष्पप्रदर्शनात यंदा नवा विभाग: 'एकसारखी बारा फुलं'. गेल्या वर्षी माझ्या लालभडक डेलियाला नुसतं उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांची नजर कमजोर. त्याच झाडाचं बी जपून ठेवलंय, साठ बिया. रिटायर झाल्यापासून कुणी विचारत नाही. कप आला की विचारतील.

३ जून
नर्सरीवाला म्हणाला, सारखी फुलं हवीत तर बी नको, जुन्या झाडाचे कंद फोडून लावा. ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं छापखाना सांभाळलाय मी. प्लेट चांगली तर प्रत चांगली. कंद कचऱ्यात दिले.

९ जून
मुलगी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे घरातही शिकवते. म्हणाली, झाड परागकण आणि बीजांडं बनवतं तेव्हा गुणसूत्रांच्या जोड्या आपसात तुकडे बदलतात. मग जोड्या फुटून अर्धा-अर्धा संच वाटला जातो. कुणाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही, म्हणून दोन परागकण सारखे निघत नाहीत. याला मियॉसिस म्हणतात. आम्ही अर्धाच मजकूर, तोही पानं पिसून, डिलिव्हर केला असता तर गिऱ्हाईकानं दारात तमाशा केला असता. तिला तसं सांगितलं. ती हसली. पटलं असणार.

२० जुलै
काही रोपं उंच, काही बुटकी. सौ. पाणी कमीजास्त घालते. उद्यापासून पहाटे पाचला उठून मी स्वतः मापानं घालणार.

२१ जुलै, सकाळी ९
उद्यापासून.

११ सप्टेंबर
पहिलं फूल. पिवळं. पहिली प्रत खराब निघतेच.

१६ सप्टेंबर
गुलाबी, पांढरं, जांभळं. एक लाल, पण आठच पाकळ्यांचं. खत बदललं. मुलगी म्हणाली, शुक्रवारपर्यंत विभाग बदलता येतो, 'मिश्र फुलं'मध्ये नाव घाला. मी माघार घेणाऱ्यातला नाही.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी
बारा फुलं मांडली. लांबून सारखीच वाटत होती. परीक्षकबाई जवळून बघतात. म्हणाल्या, विभाग चुकलाय. शेजारचं 'मिश्र फुलं'चं टेबल रिकामं. एकही एंट्री नव्हती. ही फुलं तिथे असती तर कप तुमचाच होता, असंही म्हणाल्या. कप पुन्हा खोक्यात गेला.
 घरी मुलीनं फुलं फुलदाणीत लावली आणि म्हणाली, बाबा, किती छान दिसतायत. खरंच छान दिसत होती. तेच फार लागलं.