क्रिस्टोफरचं डोकं

ती. सौ. अडेलहाइडताईस,

कोलोनहून गेरेऑनचा, गुडघे वाकू देतात तेवढा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठीक. लँबर्टदाजींचा खोकला कसा आहे? तुमची डोंगरातली हवा मानवतेय ना? (इथे ऱ्हाइनवरचं धुकं थेट नाकात शिरतं.)

तर बॉम्बनं पडलेल्या आपल्या चर्चवर अखेर नवं छप्पर चढलं, आणि उद्घाटनाला चर्चचा इतिहास सांगायचं काम फादर वेंडेलीननी माझ्या गळ्यात घातलं. मी पडलो पाववाला. (चर्च आपल्या पणजोबांच्याही आधीचं, एवढंच मला ठाऊक.) तयारी म्हणून दुपारी खांबाशी जाऊन बसलो. नव्या काचांतून निळा उजेड फरशीवर सांडला होता, वर कुणीतरी ऑर्गनचा एकच सूर लावून बघत होतं, आणि माझा डोळा कधी लागला कळलंच नाही.

मग इतिहास आपणहून दारातून आत आला. आधी पाथरवट, केसांत चुना (बांधकाम संपल्यापासून अंघोळ नसावी). मागून नन, एकमेकींच्या चहाड्या करत. मग एके काळी चर्चचा तबेला करून इथे घोडे बांधणारे फ्रेंच शिपाई, घोड्यांसकट. कुणालाच घाई नव्हती. जो तो आपल्या चर्चमधल्या लाकडी संत क्रिस्टोफरपुढे थांबून मान वर करी. सकाळी त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी मरण येत नाही, हे घोड्यांनासुद्धा ठाऊक! पण वर बघतात तर खांद्यावर बाळ येशू, आणि डोकंच नाही. सगळे माझ्याकडे वळले. "काय रे पाववाल्या, याचं तोंड कुठंय?"

दचकून उठलो तर समोर फादर. "गेरेऑन, महायुद्धात मूर्ती कापून तुकडे घरोघरी लपवले होते ना? पाय खाटकाकडून आले, काठी सुईणीकडून आली. डोकं तुझ्या बहिणीनं नेलं होतं."

"फादर, आधी इतिहास तर होऊ द्या."

"अरे, डोक्याशिवाय कसला इतिहास सांगतोस?"

तुझा धाकटा,
गेरेऑन

ता. क. खरं काम हेच. उद्घाटन क्रिस्टोफरच्या सणाला आहे. त्याआधी डोकं गवतात गुंडाळून आगगाडीनं पाठव.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायचं राहिलं ते बरंच झालं. तुमच्या गावची चीजवाली बाजारात भेटली. म्हणाली, डॉक्टरांनी हात टेकलेत, पण दाजींच्या पलंगासमोर तू ते डोकं ठेवलंयस आणि रोज सकाळी डोळे उघडले की ते आधी तिकडेच बघतात. ताई, कळवलं का नाहीस गं? भर बाजारात मला रडू आलं. डोकं पाठवू नकोस. फादरना सांगितलं. ते म्हणाले, "सणाला लोकांना सांग, क्रिस्टोफर कामावर गेलाय."