जिथं भात शिजत नाही

वर्षाचे बाबा,

नावानं हाक मारायची सवय नाही, म्हणून पत्रातही तीच हाक. तुमच्या त्या डोंगरावरून उतरून आज सकाळी लाखनीला वर्षाच्या घरी पोचली. पाय सुजले आहेत, डोकं तापलेलं आहे. म्हटलं, हा राग पोटात ठेवून मला अन्न गोड लागायचं नाही, तुम्हाला लिहूनच टाकते. बोलून तसाही काय उपयोग होता? मी बोलायची आणि तुम्ही पेपरची पानं उलटायचे.

आधी मला एक सांगा. जन्म गेला भातावर आणि घर घेतलं कुठं? जिथं भात शिजत नाही तिथं! कमाल आहे बाई या माणसाची!

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात आपलं आयुष्य गेलं. कॅलेंडर लावायला खिळा ठोकायचा तरी तुम्ही ओरडायचे, "नको ठोकू, सरकारी भिंत आहे!" मी म्हणायची, जाऊ द्या, रिटायर झाल्यावर आपल्या घरात ठोकू. वर्षाच्या घराला लागून प्लॉटही पाहून ठेवला होता. मागं भाजीपाल्याची सांदवाडी, समोर तुळस, ओटा कुठं आणि देव कुठं, सारं ठरलेलं होतं माझं.

आणि एक दिवस चहा पिता पिता तुम्ही म्हणाले, "हिमाचलात घर घेतलं. साधकायचं गाव हाये. मले आता शांती पायजे."

घेतलं! घेऊ का नाही, घेतलं! बशीतला चहा माझ्या लुगड्यावर सांडला, तो डागसुद्धा तुम्हाला दिसला नाही. मी विचारलं, "काहून? इथं कोण त्रास देऊन राहिलं तुमाले?" तर म्हणाले, फॅक्टरीच्या भोंग्यानं कान किटले. बरं, भोंग्याला कंटाळले आणि गेले कुठं? जिथं दर तासाला घंटा वाजते! घंटा झाली की ध्यान, घंटा झाली की जेवण, घंटा झाली की मौन. मग भोंगा काय वाईट होता हो? भोंगा झाला की निदान तुम्ही घरी तरी यायचे.

होळी झाली, तुम्ही तिकडे गेले आणि मी वर्षाकडे आली. दुपारी फोन लावला की तुमचं मौन चालू. मी इकडे बोलून राहिली आणि तिकडून नुसतं "हं". हं म्हणायची परवानगी होती वाटते! मला कधी "ये" म्हणाले का हो? एकदा तरी? जेव्हा तेव्हा आपलं, "तुले जमणार नाही, लय थंडी हाये, इथं भात नाही शिजत." एवढ्या उंचीवर साध्या पातेल्यात तांदूळ कच्चाच राहते आणि घरात कुकर लावायची बंदी, कारण शिट्टीनं साधकांचं ध्यान मोडते. पंगतीत बसायचं आणि दलिया खायचा. कोणाच्या लग्नात भात जरा फडफडीत झाला तर तोंड वाकडं करणारे तुम्ही!

दिवाळीनंतर गावची मंडई भरते, त्या जत्रेला आले तेव्हा गालफडं बसलेली होती. तिसऱ्यांदा भात मागून घेतला, पलंगावर लवंडले आणि लवंडलेच. निदान जेवून गेले, एवढंच मनाला समाधान. पण असं जातात का कोणी? भांडण अर्धं टाकून?

तेरवी झाली आणि तिथल्या दीदींचा फोन आला. साऱ्या गावाचा कारभार त्याच पाहतात. "माताजी, कुटी आप रखेंगी? रहने आएँगी तो आपकी, नहीं तो किसी और साधक को दे देंगे।" कुटी म्हणजे तुमचं ते घर; पैसे भरले तरी राहील त्याचंच, असा तिथला नियम. वर्षा म्हणाली, "देऊन टाक आई, त्या थंडीत तू काय करशील?" माझ्याही मनात तेच होतं. म्हटलं, जाते, किल्ली त्यांच्या हातावर ठेवते आणि येते. जावयांना घेऊन निघाली.

खोटं कशाला बोलू, खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसला तेव्हा जरा बरं वाटलं. मग मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. उतारावर तुम्ही धानाची बांधी घातली होती! चारी बाजूंनी मातीचे धुरे, पाणी सोडायला वाट, जशी आपल्या गावच्या शेताला असते तशीच. आत धान उभं होतं, वाळून पिवळं पडलेलं. एक लोंब नाही. त्या गारठ्यात निसवेल कसं ते? दीदी म्हणाल्या, "भाईसाहब ने बड़े प्यार से घास लगाई थी। रोज़ पानी भरते थे।" घास! शांती पाहिजे म्हणून गेले आणि तिथं आपला भंडारा जिल्हा लावत बसले! इतकी आठवण येत होती तर गाडीत बसायचं ना! कोणी अडवलं होतं?

आणि पलंगाखाली, शालीत गुंडाळून, आपला छोटा कुकर! होळीपासून शोधून राहिली मी तो. वर्षाला विचारून विचारून तिचं डोकं खाल्लं. तुम्हाला तर कुकरचं झाकणही धड लावता येत नव्हतं, मग नेला कायले?

मला अशी चीड आली की मी तिथंच कुकर घासला. तांदूळ सोबत होतेच, आपल्याकडचं माणूस तांदळाशिवाय निघते का? चहाच्या शेगडीवर चढवला. भर मौनाच्या वेळेत पहिली शिट्टी झाली आणि डोंगर दणाणला. दीदी ओठांवर बोट ठेवून धावत आल्या. मी म्हटलं, "दीदी, मैं तो चुप है, कुकर बोल रहा है।" त्यांना हसू आवरेना. मग खालीच बसल्या, वरण-भातावर तूप घालून दिलं तर दोनदा घेतला. आणि खाता खाता म्हणाल्या, "भाईसाहब सबसे कहते थे, मेरी घरवाली आएगी तब आपको असली चावल खिलाऊँगा।"

साऱ्या गावाला सांगितलं! मला सोडून साऱ्या गावाला! अहो, तोंड काय शिवलं होतं? एक शब्द होता, "ये". तेवढा "हं" च्या ऐवजी म्हटला असता तर मी कुरकुर करत, बडबड करत, पण आली असती हो. लय रडली मी तिथं. मौन गेलं चुलीत.

मग डोळे पुसले आणि जावयांकडून हातोडी मागवली. भिंतीत खिळा ठोकला. माझ्या घराच्या भिंतीत, कोणाला न विचारता! त्याला तुमची कानटोपी अडकवली. दीदी पुन्हा धावत आल्या, पण आता त्यांनाही सवय करावी लागेल.

किल्ली दिली नाही मी.

उन्हाळ्यात इकडे भट्टी पेटली की वर जाईन आणि मृग लागला की खाली येईन. प्लॉट गेला तो गेला, त्याचा राग मी सोडणार नाही, सांगून ठेवते. बांधीत वाटाणे लावीन. धान तिथं येत नाही, हे मला विचारलं असतं तर चहा पिता पिताच सांगितलं असतं.

आणि एक वचन देते. तिथं असेन तेव्हा रोज कुकर लावीन, घंटा होवो की मौन असो. तुमच्या वाटची मूठ जास्तीची टाकीन. शिट्टी झाली की या जेवायला. मी तुमच्यासारखी नाही, मी बोलावून राहिली.

या.

तुमची,
वर्षाची आई