पालथी बरणी

४ नोव्हेंबर, सोमवार

सिगारेट बंद. डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाला, "सिगारेट किंवा व्यासपीठ. एकच काहीतरी निवडा." मी म्हणालो, पाइप ओढेन. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच खेळवतात. तंबाखूवर आजवर जेवढं वाचलंय तेवढं सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तुमच्याशी वाद घालायचा तर बाहेरचे पेशंट घरी पाठवावे लागतील." म्हणजे हरला.

पण आवाज टिकायला हवा हे खरं. एक डिसेंबरला युनियनची सभा. आमच्या काचकारखान्यात यंदा भट्टीच्या तोंडाशी दोघं भाजले. एकाचा उजवा हात आता चमचाही धरत नाही. मालक आडोसा बांधत नाही, पाळी लहान करत नाही. संपाशिवाय तो वळणार नाही हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसतं. मात्र संप म्हणजे भट्टी विझणार, आणि विझलेली भट्टी तडकते. मालक म्हणतो, तडकली तर नवी बांधणार नाही, कुलूप लावेन. धमकी आहे, दुसरं काय! तेवढ्यावर निम्मी कमिटी गार पडली आहे.

त्यांना पेटवणं माझं काम.

६ नोव्हेंबर, बुधवार

तंबाखूचं दुकान सापडलं. मागच्या बाजूच्या रस्त्यावर, घड्याळवाल्याच्या शेजारी. अरुंद, लांबलचक, छतापर्यंत काचेच्या बरण्या. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर, बोलायला तिखट.

"तयार मिश्रण द्या," म्हणालो.

"तयार हवं असेल तर स्टेशनजवळच्या दुकानात डबे मिळतात. इथे ज्याची त्याने जीभ आणायची."

इथली पद्धत अशी – पानं त्यांची, मिश्रण गिऱ्हाइकाचं. चिमूट चिमूट घेऊन आपणच जुळवायचं, जमलं की त्याची एक बरणी आपल्या नावाने शेल्फवर. एक मिश्रण, एक माणूस. दुसऱ्याला ते विकत नाहीत. आणि माणूस गेला की बरणी वरच्या फळीवर पालथी. तिथे बऱ्याच पालथ्या आहेत.

"ही तुमची अंधश्रद्धा की जाहिरात?" मी विचारलं.

"माझ्या आजोबांना विचारा. त्यांचीही वरच आहे."

बाई आवडल्या मला. व्हर्जिनिया आणली – पिवळी, सुकलेल्या गवतासारखी गोड. थोडी बर्ली – तपकिरी, कोरडी. नवाकोरा पाइपही घेतला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जीभ भाजली. घाईघाईने ओढलं की व्हर्जिनिया डंख मारते म्हणे. मला हळू काहीच जमत नाही – ना बोलणं, ना ओढणं. दर दोन मिनिटांनी विझतो, पुन्हा काडी लावा.

ही म्हणाली, "कोणीतरी ओल्या चपला जाळतंय असं वाटलं. बघते तर तुम्ही."

११ नोव्हेंबर, सोमवार

बर्ली वाढवली. डंख गेला, पण चव पुठ्ठ्याची. कमिटीच्या बैठकीत ओढून पाहिला. खजिनदार खोकत म्हणाला, "भाऊ, संप करायची गरज नाही, मालकाच्या केबिनमध्ये जाऊन हा पेटवा."

हसलो. पण बैठक वाईट झाली. भाजलेल्या पोरांबद्दल मी बोललो तेव्हा सगळे टेबलाकडे बघत होते. लाज वाटणारा माणूस अजून वाचवता येतो. घाबरलेल्याचं अवघड.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जुळलं.

बाईंनी काळं पान काढलं होतं – लताकिया. लाकडाच्या धुरावर वाळवतात, डांबर आणि चामड्याचा वास. लोकांना पहिल्यांदा मळमळतं, म्हणाल्या. मला उलट – हात आपोआप त्या डब्याकडे गेला. किती घ्यावं हा विचारच केला नाही. चिमूट घेतली, आणखी अर्धी, बर्ली झटकून कमी केली, बोटांत चोळलं, भरलं, पेटवलं. पहिल्या झुरक्याला कळलं. हेच. जन्मभर हेच शोधत होतो असं वाटावं इतकं हेच.

बाईंनी वास घेतला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. मग वरच्या फळीवरच्या एका पालथ्या बरणीकडे बघितलं.

"हे मी तुम्हाला विकणार नाही. हे थोरल्यांचं आहे."

थोरले! म्हणजे आमच्या युनियनचे आधीचे अध्यक्ष. मागच्या हिवाळ्यात गेले. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडलो. प्रत्येक वेळी मी म्हणायचो संप, आणि ते म्हणायचे तडजोड. "लेकरांनो, आधी भट्टी, मग भांडण." गोड माणूस, आणि माझ्या मते मालकाला त्याच्याइतका उपयोगी कोणी नव्हता. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत आलो, शोकसभेतही म्हणालो.

तर मी बाईंना समजावलं. तीन जातींची पानं, दोन माणसांच्या जिभा – त्यात एखादं मिश्रण जुळणं यात कसलं आश्चर्य? मेलेल्या माणसाची मालकी जिवंत माणसाच्या चवीवर चालते का? चालत असेल तर मग जमिनीवरही चालेल, कायद्यावरही चालेल, आणि आपण सगळे पणजोबांचे नोकर. माणसाची आवड ही त्याची स्वतःची असते, तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही! तापलो होतो. दुकानातली दोन गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

बाई शेवटी म्हणाल्या, "बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार. घ्या. पण बरणी मी सरळ करणार नाही. तुम्ही करा."

शिडीवर चढलो, काढली, सरळ केली. तळाशी थोडा चुरा होता. त्यातच नवं भरलं आणि बरणी घरी आणली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एकदाच पेटवला, शेवटपर्यंत विझला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कमिटी. मी खोलीत शिरलो तसे सगळे उठून उभे राहिले. माझ्यासाठी कोणी उठत नाही, मीच ती पद्धत बंद केली होती. मग एकमेकांकडे बघत बसले. म्हातारा भट्टीवाला म्हणाला, "वासाने उठलो, भाऊ. सवय."

आज ऐकत होते मात्र. टेबलाकडे कोणी बघत नव्हतं. मी मोजकं बोललो, हळू बोललो – घसाही दुखला नाही.

बाहेर पडताना खजिनदार माझा हात धरून म्हणाला, "आज 'लेकरांनो' म्हणालात."

"कधी?"

"दोनदा."

मी 'मित्रांनो' म्हणतो. आयुष्यात दुसरं काही म्हटलेलं नाही. वीस वर्षं एखादा शब्द कानावर पडला की जिभेवर येतो, इतकंच. त्यात वासामुळे आठवणी वर येतात हे जगजाहीर आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ही जेवता जेवता म्हणाली, "डावा पाय दुखतो का?"

"नाही. का?"

"ओढत चालताय. बूट बघा."

पाहिले. डाव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय, उजवा नव्यासारखा. बूट दिवाळखोर दुकानातून घेतलेत, म्हणालो. ती हसली नाही.

थोरल्यांच्या डाव्या पायावर तरुणपणी काचेचा रस सांडला होता. हे मी इथे लिहितोय कारण न लिहिणं म्हणजे घाबरणं.

२४ नोव्हेंबर, रविवार

बाजारात वहिनी भेटल्या – थोरल्यांच्या. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून उभ्याच राहिल्या.

"भावजी, हे पाइपातलं मिश्रण तुम्हाला कुठून मिळालं?"

सांगितलं. जुळलं आपसूक, म्हणालो.

"पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना रंग दिला. तेव्हा कुठे गेला तो वास घरातून." मग अगदी साध्या आवाजात – "रोज संध्याकाळी आमच्या फाटकापाशी कशाला येता? आत तरी या, नाहीतर येऊ तरी नका. शेजारी विचारतात."

मी त्या गल्लीत शोकसभेनंतर पाऊल टाकलेलं नाही. तसं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे, उभं राहण्याच्या पद्धतीकडे. "असं होय," म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

घरी येऊन हिला विचारलं, संध्याकाळी मी कुठे असतो? म्हणाली, "फिरायला जाता ना? तुम्हीच सांगता."

मी संध्याकाळी खुर्चीत बसून पाइप ओढतो. माझी तशी समजूत आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बरणी घेऊन दुकानात गेलो. दुसरं मिश्रण हवं म्हणालो. कारण सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. पिवळी ओढली – काही नाही. तपकिरी – काही नाही. दालचिनी लावलेली, मधात भिजवलेली, सगळी काढली त्यांनी. गरम हवा तोंडात घेतल्यासारखं. डंखही नाही. मग त्या बरणीतली चिमूट घातली आणि सगळं तोंड जागं झालं.

बाई म्हणाल्या, "आत्ता परत करा. मी पालथी घालते, आजच्या आज."

बरणी काउंटरवर होती. नुसती त्यांच्याकडे सरकवायची. पण का सरकवली असं उद्या कोणी विचारलं तर काय सांगणार? की आयुष्यभर भुताखेतांविरुद्ध गावोगाव गळा फोडून बोलणारा मी एका बरणीला भ्यायलो? एकदा ते मान्य केलं की माझ्या कुठल्या वाक्याला किंमत उरते? संपाच्याही नाही.

बरणी काखोटीला मारली. बाई म्हणाल्या, "तेही असंच घट्ट धरून न्यायचे."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

भाषण लिहायला बसलो. मी कधी लिहून बोलत नाही, पण या वेळी शब्द हाताखाली असलेले बरे.

सुरुवात चांगली उतरली. त्या पोराच्या हातापासून. बटण लावायला आईला हाक मारावी लागते त्याला, बावीस वर्षांच्या माणसाला. भट्टी माणसांसाठी आहे, माणसं भट्टीसाठी नाहीत. ती तडकायची तर तडकू दे, आपण तडकणार नाही – इथे पोचलो आणि पेन्सिल थांबली.

भट्टी विझताना कसा आवाज येतो ते मला ऐकू येत होतं. आधी आत कुठेतरी बारीक टकटक, कोणी नखाने वीट वाजवावी तशी. मग लांब, खालच्या सुरातला उसासा. मग शांतता, आणि त्या शांततेत पहिली चीर जाते. बाहेर उभे असलेले लोक टोप्या काढतात. एक बाई विचारते, आता?

आमची भट्टी माझ्या हयातीत कधी विझलेली नाही. त्याआधी एकदाच विझली होती, तेव्हा थोरले पोरसवदा होते. ते याबद्दल कधी बोलले नाहीत – निदान माझ्याशी.

मी कुठे ऐकला तो आवाज?

३० नोव्हेंबर, शनिवार

भाषण पुरं झालं. संपाचं आहे. तीनदा वाचलं, प्रत्येक वाक्य माझं आहे. हिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "हे तुम्ही आहात. बऱ्याच दिवसांनी."

पाइप, बरणी, सगळं हिच्या हवाली केलं. कुठे ठेवलं विचारणार नाही. ही अंधश्रद्धा नव्हे, शिस्त आहे.

ही उद्या येणार आहे. एरवी माझ्या सभांना येत नाही, घरात पुरेसं ऐकते म्हणते. "पहिल्या रांगेत बसते. अडलात तर माझ्याकडे बघा."

तोंड सकाळपासून कोरडं. पण डोकं स्वच्छ आहे. उद्या संप!

१ डिसेंबर, रविवार

संप टळला. भट्टी पेटती आहे.

लेकरं ऐकतात, शांतपणे सांगितलं तर. सगळे हात वर आले, तो हात गेलेला पोरगासुद्धा डावा वर करून बसला होता. मालकाशी उद्या बोलून घेईन, वसंत ऋतूपर्यंत काहीतरी देईल. वीस वर्षं माझ्याशी टेबलावर भांडला, त्याची बायको पहिल्या रांगेत होती. सभा उठली, खुर्च्या आवरल्या, तरी बसूनच होती, माझ्याकडे बघत. कोणीतरी तिला घरी पोचवायला हवं होतं. कोटाच्या खिशात ही त्याची वही निघाली, अक्षर छान आहे.

डावा पाय दुखत होता, म्हणून सावकाश घरी आलो. आज फाटकापाशी थांबलो नाही. हिने दार उघडलं. बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला झाली.