खास मैत्रीण

बाई, पंधरा दिवसांपूर्वी एक कादंबरी वाचून संपवली, आणि ती इतकी टाकाऊ निघाली की तुमची आठवण झाली. राग मानू नका, किंवा माना, आता काय फरक पडतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी त्रेचाळीसची आहे, सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीत क्वालिटी बघते, लग्न केलं नाही आणि घरच्यांनी विचारायचंही सोडलंय. पुस्तक मला भाचीनं दिलं. धाकट्या बहिणीची मुलगी, गलोंड्याला राहते, बारावीला आहे. ती स्वतः इंग्रजीतून वाचते. हे मात्र तिनं मुद्दाम मराठीत आलेलं शोधून मागवलं. "मावशी, तुझ्यासाठी आहे. पूर्ण वाच हां, अर्ध्यात सोडायचं नाही," असं म्हणून माझ्या पिशवीत कोंबलं आणि तिथं न थांबता आत निघून गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सतरा वर्षांच्या दोन मुली. एक साधी शाळेत जाणारी, दुसरी दूरच्या कुठल्यातरी ग्रहावरून यान घेऊन आलेली. तिच्या ग्रहावर कोणी कोणावर प्रेम करावं हे कोणी विचारत नाही. मागच्या कव्हरवर एवढंच वाचलं. असं पुस्तक, मराठीत, माझ्या हयातीत! दोन दिवस मी ते उघडलंच नाही, सणाच्या साडीसारखं ठेवून दिलं. रविवारी जेवण उरकून बसले. आणि मग पानामागून पान नुसता भुसा. "हृदयाचा ठोका चुकला" हे वाक्य अकरा वेळा. त्या ग्रहावर माणसं हवेत तरंगतात, पण चहा मात्र कपातच राहतो. दोघी बोलतात जाहिरातीतल्या बायकांसारख्या. आईला कळतं तेव्हा ती अर्ध्या पानात रडते, मिठी मारते आणि शिरा करते. अर्ध्या पानात! आणि भाषांतर करणाऱ्यानं तर कहर केलाय, सबंध पुस्तकात एकीला दुसरीची "खास मैत्रीण" म्हटलंय. पोरगी ग्रह ओलांडून आली तरी खास मैत्रीणच. शेवटी दोघी यानात बसून निघून जातात, कारण पृथ्वीवर त्यांना जागा नाही. म्हणजे इतकी वर्षं वाट बघून मला मिळालं काय, तर हेच, की इथून जा. मी पेन्सिल घेतली आणि समासात एकेक चूक लिहीत गेले.

अशी पेन्सिल धरायला मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मला तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये न्यायचात. तुम्ही रत्नागिरीकडच्या, आम्ही धुळ्याकडचे. घावन मी पहिल्यांदा तुमच्याकडे खाल्लं. तुम्ही तव्यापाशी उभ्या आहात, मी पाटावर बसून खालच्या वर्गाच्या वह्यांमधल्या चुकलेल्या वेलांट्या शोधतेय, आणि सापडली असं म्हटलं की तुम्ही मागे न वळता म्हणता, "शाब्बास." घरी आम्ही अहिराणी बोलायचो. मी पुस्तकातल्यासारखं काही बोलले की वडील हसायचे, "ही ते बाईनी पोर व्हई गयी." मला खरंच तुमची मुलगी व्हावंसं वाटायचं.

दहावीत माझ्या निबंधाच्या वहीत एक चिठ्ठी राहून गेली. अथालहून सायकलनं येणारी, माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती, तिच्यासाठी लिहिलेली. ती आली नाही की मला वर्गात बसवत नाही, मोठेपणी आपण दोघींनी एका घरात राहायचं, लग्न कोणाशीच करायचं नाही, असं बरंच काही त्यात होतं. चिठ्ठी परत आली ती वहीतूनच. लाल शाईत चार वेलांट्या, एक अनुस्वार, खाली तुमची सही. मधल्या सुट्टीत तुम्ही मला व्हरांड्यात बोलावलंत. "भाषा चांगली आहे हो तुझी," तुम्ही म्हणालात. "विषय तेवढा बदल."

"म्हणजे काय, बाई?"

तुम्ही चष्मा पदराला पुसलात. "म्हणजे काय ते तुला कळलंय."

दुसऱ्या दिवशी माझा बाक बदलला. मारलं असतंत, घरी सांगितलं असतंत, तर निदान तुमच्याशी भांडता आलं असतं. तुम्ही शुद्धलेखन तपासलंत. मी आयुष्यात लिहिलेलं एकुलतं एक प्रेमपत्र, ते वाचणारं माणूस तुम्ही एकट्या, आणि तुम्हाला त्यात वेलांट्या दिसल्या. दहावीचा निकाल लागल्यावर तुम्ही मला शब्दकोश दिलात, पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून. घरी जाऊन मी त्यात आमच्यासारख्यांसाठी एखादा शब्द आहे का ते शोधलं. नव्हता. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात तेव्हा सगळा वर्ग भेटायला आला होता, मी आले नाही.

तर त्यानंतरच्या रविवारी भाची माझ्या खोलीवर आली. तिनं विचारलं, "वाचलंस?" आणि मी सुरू झाले. ग्रह, चहा, ठोके, शिरा. किती वेळ बोलत होते कोण जाणे, मला मजा येत होती. ती पुस्तकाची पानं उलटत होती, प्रत्येक पानावर माझी पेन्सिल. मध्येच म्हणाली, "मावशी, मी तुला चेक करायला थोडी दिलेलं?"

"मग कशाला दिलेलं?"

"असंच." तिनं पुस्तक बॅगेत टाकलं, चपला घातल्या. चहा गॅसवर होता, तो तसाच राहिला. ती जिना उतरून खाली जाईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तेव्हा मी तिला फोन लावला.

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून मी रिक्षानं गलोंड्याला गेले. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी म्हटलं, "पुस्तक वाईटच आहे. पण तुला मला काहीतरी सांगायचं होतं, आणि मी तुला बोलूच दिलं नाही." ती चादरीची घडी घालत राहिली. मग मी तिला माझं सांगितलं. ती मुलगी, ती चिठ्ठी, तुम्ही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होते, आवाज माझा मलाच अनोळखी वाटत होता. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तू काय केलं?"

"मी काय करणार? बाईंनी बाक बदलला."

"बाक बदलला म्हणून खतम? एवढंच?"

"आमच्याकडे यान नव्हतं गं," मी हसून म्हटलं. ती हसली नाही.

"अथालला यान कशाला लागतं, मावशी? ती रोज सायकलनं यायची ना? त्या बोगस पुस्तकातली पोरगी तरी जाते."

मी दोरीवरचे उरलेले कपडे काढू लागले. मग तिनं आपण होऊन सांगितलं, क्लासमधली एक मुलगी आहे, गुजराती आहे. नाव नाही सांगितलं. "मम्मीला बोलू नको." नाही बोलणार, म्हटलं. कपडे घेऊन आम्ही खाली उतरलो. काल बहिणीचा फोन आला, सहज म्हणाली, पोरगी अभ्यास सोडून तासभर खोडरबर घेऊन कुठल्यातरी पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसत बसली होती.

बाई, हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण भाचीला मी सगळं सांगितलं नाही. इतकी वर्षं मी तुमच्यावर दात ओठ खाल्ले, पण तुम्ही बाक बदललात, तेवढंच. त्या मुलीशी बोलू नकोस असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. ते मी ठरवलं. त्यानंतर सलग पाच दिवस ती शाळा सुटल्यावर सायकल धरून माझ्यासाठी थांबली होती, आणि पाचही दिवस मी मागच्या फाटकानं घरी गेले. सहाव्या दिवशी ती थांबली नाही, आणि मला हायसं वाटलं.